आधी अन्वय लावा: सेमिनारमधली आधुनिक इंग्रजी कविता

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहात, घरी कन्नड बोलता, बारावीपर्यंतचे शिक्षण अक्कलकोट तालुक्यातल्या मराठी शाळेत झाले आहे, आणि महिनाभराने तुम्हाला सोलापुरात आपल्या विभागाच्या सेमिनारमध्ये आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या 'ईस्टर 1916' या कवितेवर 20 मिनिटे बोलायचे आहे. दोन गाईडे वाचून झाली, मोबाईलवरचे सारांश वाचून झाले, कवितेचे 'थीम्स' तोंडपाठ झाले, तरी कविता काही हाताला लागत नाही, असे तुम्ही लिहिता. आणि शेवटी विचारता की इंग्रजी आपली भाषा नाही म्हणून असे होत असेल का. मी गेली 26 वर्षे सोलापुरात पदव्युत्तर वर्गाला आधुनिक इंग्रजी कविता शिकवते आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही, त्यामुळे होत नाही. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांची लेखी मते मागवली आणि त्या कागदांच्या आधारे 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी नोंदवलेली पहिलीच अडचण अशी होती की, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या त्या मुलांपैकी अनेकांना कवितेचा साधा वाच्यार्थसुद्धा लागत नव्हता. तेव्हा ही अडचण तुमच्या शाळेची नाही आणि तुमच्या घरच्या भाषेचीही नाही. तुम्ही आशयापासून सुरुवात केलीत, ती वाक्यापासून करायला हवी होती, इतकेच माझे म्हणणे आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते सगळे त्याचेच स्पष्टीकरण आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला अन्वय हा प्रकार ठाऊक असतो. श्लोक समोर आला की आधी पदे सोडवायची, मग कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोणते, कोणते विशेषण कोणाचे हे ठरवून शब्द गद्याच्या क्रमाने मांडायचे, जे अध्याहृत असेल ते भरून घ्यायचे आणि त्यानंतरच अर्थाकडे वळायचे. ही शिस्त आपण संस्कृतच्या तासाला शिकतो आणि इंग्रजीच्या तासाला बाजूला ठेवतो, कारण तिथे आपल्याला 'सेंट्रल आयडिया' आयती लिहून दिली जाते. खरे तर मराठीतली आधुनिक कवितासुद्धा अन्वयाशिवाय नीट वाचता येत नाही. मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही ओळ आपल्या सगळ्यांच्या कानांवरून गेलेली आहे. त्यातला 'ओल्या' हा शब्द उंदरांचे विशेषण नाही. तसे असते तर तो 'ओले' झाला असता. 'ओल्या' हे सामान्यरूप आहे आणि ते 'पिपांत' या शब्दाशीच जुळते, म्हणजे गद्यात सांगायचे तर ओल्या पिपात उंदीर मेले. एवढे व्याकरण दिसले की खरा प्रश्न विचारता येतो: पिपाचा ओलेपणा पिपापासून तोडून कवीने तो उंदरांच्या अंगाला का चिकटवला? कानाला उंदीरच ओले लागतात आणि व्याकरण मात्र पिपाकडे बोट दाखवत राहते. ही ओढाताण अन्वय न लावणाऱ्याला कधीच दिसत नाही.

मी स्वतः एम. ए.ला असताना टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' या कवितेवर माझा पहिला पेपर वाचला होता. चौदा पाने होती. 1922 हे प्रकाशनाचे साल, महायुद्धानंतरचा युरोप, होली ग्रेलची दंतकथा, एलियट यांचे कविमित्र एझ्रा पाउंड यांनी हस्तलिखितात केलेली काटछाट, सगळे त्यात होते. वाचून झाल्यावर आमच्या सरांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला: "पहिल्या ओळीच्या शेवटी 'ब्रीडिंग' आहे. त्याचा कर्ता कोण?" मला उत्तर देता आले नाही. सर रागावले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर पहिल्या चार ओळी लिहिल्या: 'एप्रिल इज द क्रुएलेस्ट मंथ, ब्रीडिंग / लायलॅक्स आउट ऑफ द डेड लँड, मिक्सिंग / मेमरी अँड डिझायर, स्टरिंग / डल रूट्स विथ स्प्रिंग रेन.' मग त्यांनी 'ब्रीडिंग', 'मिक्सिंग' आणि 'स्टरिंग' या तीन शब्दांपासून निघणारी एकेक रेघ मागे 'एप्रिल'पर्यंत नेली. उगवून आणणारा, मिसळणारा, ढवळणारा तो एप्रिल. आणि तो क्रूर का, याचे उत्तर याच तीन शब्दांत होते. चौदा पानांत मी ते एकदाही म्हटले नव्हते.

त्या चार ओळींत आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे, जी मला बऱ्याच वर्षांनी, शिकवता शिकवता उमगली. आमच्या वर्गात घरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात, आणि या चारही भाषांत क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते. क्रियापद आले की वाक्य मिटले, ही आपल्या कानाची लहानपणापासूनची सवय. एलियट क्रिया दाखवणारा शब्द ओळीच्या अगदी शेवटी ठेवतात, आणि तिथे वाक्य मिटत तर नाहीच, उलट पुढच्या ओळीत ढकलले जाते. आपला कान थांबायला जातो आणि वाक्य त्याला थांबू देत नाही. झोपलेल्या मुळाला पावसाने उठवावे तसा हा प्रकार आहे, आणि तो आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा कमी नव्हे, जास्तच जाणवायला हवा. तेव्हा कन्नड आणि मराठीत वाढलेला तुमचा कान घरी ठेवून सेमिनारला येऊ नका. मात्र त्या कानाबरोबर येणारी प्रत्येक आठवण कवितेत बसवू नका. सोलापूरच्या विद्यार्थ्याला एप्रिल क्रूर आहे हे ताबडतोब पटते, कारण पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि दुपारी रस्ते ओस पडलेले असतात. पण कवितेतला एप्रिल उन्हाने क्रूर झालेला नाही. तो मेल्यासारख्या पडलेल्या जमिनीला पुन्हा जगायला लावतो म्हणून क्रूर आहे. आपल्याकडे ते काम करायचेच झाले तर ते जूनचा पहिला पाऊस करील. आपला अनुभव कवितेशेजारी ठेवावा, शब्दांशी ताडून पाहावा आणि जुळत नसेल तिथे तो सोडून द्यावा.

हेच वस्तूंच्या नावांबद्दल. अन्वय लावताना जो शब्द एखाद्या वस्तूचे नाव असेल, ती वस्तू डोळ्यांपुढे उभी राहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. विल्यम कार्लोस विल्यम्स हे अमेरिकेतल्या न्यू जर्सीत डॉक्टरकी करणारे कवी. 1923 साली आलेली त्यांची लाल 'व्हीलबॅरो'वरची कविता अवघ्या 16 शब्दांची आहे. मी ती दर वर्षी पहिल्या आठवड्यात घेते आणि कोणालातरी फळ्यावर चित्र काढायला सांगते. बहुतेक वेळा चार चाकांची, भाजीवाल्याची हातगाडी काढली जाते. मग आम्ही ती पुसतो आणि बांधकामावर सिमेंट-वाळू वाहायला वापरतात ती, पुढे एकच चाक आणि मागे दोन दांडे असलेली गाडी काढतो. फरक लहान नाही. हातगाडी हा एखाद्या माणसाचा उभा संसार असतो. ही एकचाकी गाडी मात्र माणसाने दांडे उचलले नाहीत तर जागची हलत नाही, आणि कवितेत तर माणूसच नाही. त्याच कवितेत 'ग्लेझ्ड' असा शब्द आहे. शब्दकोशात 'चकाकणारे' असे सापडते आणि विद्यार्थी समाधान मानतात. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर जो काचेसारखा गुळगुळीत थर असतो, त्याला ग्लेझ म्हणतात, असे सांगितले की पावसाच्या पाण्याचा तो पातळ थर लाल रंगावर बसलेला दिसू लागतो. मग कोणीतरी आपण होऊन विचारते की 'व्हीलबॅरो' हा एक शब्द कवीने दोन ओळींत का तोडला. मला सेमिनारमध्ये याच प्रश्नाची वाट पाहायची असते.

गाईडांबद्दल थोडेच लिहिते. गाईड वाचणे हा अपराध नाही, पण ते कवितेच्या आधी वाचले तर पुढे कविता दिसत नाही. रॉबर्ट फ्रॉस्ट यांची 'द रोड नॉट टेकन' ही कविता आमच्याकडे येणारी बहुतेक मुले 'वेगळी वाट धरा आणि यशस्वी व्हा' असा संदेश म्हणून पाठ करून आलेली असतात. कवितेत स्पष्ट लिहिले आहे की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच झिजल्या होत्या, त्या सकाळी दोन्हींवर सारखीच पाने पडलेली होती, आणि आपण कमी वहिवाटीची वाट धरली असे तो माणूस पुढे कधीतरी, खूप वर्षांनी, सुस्कारा टाकून सांगणार आहे. ओळी समोर असतात, पण संदेश आधी ठाऊक असल्यामुळे डोळा त्यांच्यावरून घसरतो. एलियट यांच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक मोह होतो. 'द वेस्ट लँड'च्या शेवटी 'दत्त, दयध्वम्, दम्यत' म्हणजे द्या, दया करा, संयम पाळा, असे येते, ते बृहदारण्यक उपनिषदातले आहे, आणि एलियट हार्वर्डमध्ये संस्कृत शिकले होते, एवढे सांगून वर्ग अभिमानाने थांबतो. उपनिषदात हा क्रम दम्यत, दत्त, दयध्वम् असा आहे. एलियट यांनी तो बदलला आणि आत्मसंयमाला शेवटी नेले. चर्चा करायची असेल तर त्या बदललेल्या क्रमाची करावी.

आता तुमच्या कवितेकडे येऊ. पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लागेल तेवढीच सांगते. 24 एप्रिल 1916 रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो आठवड्याभरात मोडला आणि मे महिन्यात त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कवितेखाली 25 सप्टेंबर 1916 ही तारीख आहे. तिच्या 25 प्रती खासगीरीत्या छापल्या गेल्या, पण सर्वसाधारण वाचकांपुढे ती 1920 साली, आयर्लंडमध्ये स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना आली. कवितेची चार कडवी 16, 24, 16 आणि 24 ओळींची आहेत, आणि अनेक अभ्यासकांना त्यात उठावाचे साल आणि तारीख दिसते. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. त्याहून जास्त देऊ नका.

अन्वय लावायला लागलात की पहिल्या कडव्यात फारसे अडणार नाही. दिवस मावळताना कामावरून परतणाऱ्या ओळखीच्या लोकांना कवी भेटतो, 'पोलाइट मीनिंगलेस वर्ड्स' म्हणजे सभ्य आणि निरर्थक शब्द बोलतो आणि पुढे जातो. हे शब्द दोनदा येतात, तेही लागोपाठ, तेव्हा ते दोनदा का येतात हे वर्गाला विचारा. मग 'मॉटली' हा शब्द येतो. आपण सगळे जिथे 'मॉटली' नेसली जाते अशाच जगात राहतो, असे कवीला तेव्हा वाटत होते. मॉटली म्हणजे विदूषकाचा ठिगळाठिगळांचा रंगीबेरंगी पोशाख. आता शेवटच्या कडव्यात जा: 'व्हेअरएव्हर ग्रीन इज वोर्न', जिथे जिथे हिरवे नेसले जाते तिथे. हिरवा हा आयर्लंडचा रंग. तेच क्रियापद, तेच 'वोर्न' आणि 'बॉर्न' हे यमक. बदलला आहे तो फक्त कपडा. विणकरांच्या गावात राहणाऱ्या आपल्या मुलांना हा धागा दाखवावा लागू नये असे मला वाटते, तरी बहुतेक वेळा तो दाखवावा लागतोच, कारण 'मॉटली'चा अर्थ कोणी पाहिलेला नसतो. दुसऱ्या कडव्यातल्या 'हॅरियर्स'चेही तसेच: ते सशाच्या शिकारीचे कुत्रे आहेत, आणि त्यांच्यामागे घोड्यावरून दौडणारी तरुणी ही मोठ्या घरची मुलगी होती हे त्या एका शब्दातून कळते.

तिसऱ्या कडव्यापाशी मात्र थांबा, कारण तुमचे 20 मिनिटांचे बोलणे माझ्या मते इथे उभे राहू शकते. 'हार्ट्स विथ वन पर्पज अलोन / थ्रू समर अँड विंटर सीम / एन्चान्टेड टू अ स्टोन / टू ट्रबल द लिव्हिंग स्ट्रीम.' कर्ता 'हार्ट्स', क्रियापद 'सीम', आणि पुढचे 'एन्चान्टेड टू अ स्टोन' हे त्या हृदयांबद्दल सांगितलेले आहे: एकच ध्येय धरलेली हृदये, उन्हाळा-हिवाळा तशीच, मंतरून दगड झालेली भासतात. आता 'टू ट्रबल' कोणाचे? दगड झाल्यामुळे ती वाहत्या पाण्याला अडथळा ठरतात, की पाण्याला ढवळून काढण्यासाठीच त्यांचा दगड झाला आहे? इंग्रजी व्याकरण दोन्ही अर्थ चालवून घेते. मराठीत भाषांतर करायला बसलात तर 'म्हणून' किंवा 'साठी' यांपैकी एक तुम्हाला निवडावेच लागेल, आणि निवडता येत नाही हे जेव्हा लक्षात येईल तेव्हा ही कविता हुतात्म्यांकडे कशा दुहेरी नजरेने पाहते ते तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या भाषेत भाषांतर करायला लावते. भाषांतर वाचून दाखवायचे नाही, जिथे ते अडले ती जागा दाखवायची.

याच कडव्यात घोडा, स्वार, ढग, पाण्यावरची सावली, पाणकोंबड्या ही सगळी क्षणोक्षणी बदलतात, आणि दगड तेवढा मध्ये तसाच असतो. आता पालुपद आठवा: 'ऑल चेंज्ड, चेंज्ड अटर्ली'. पालुपद सांगते की ही माणसे पार बदलली. तिसरे कडवे सांगते की जिवंत असते ते बदलते, आणि ही माणसे दगड झाली आहेत. मग बदललेल्यांचा बदल कोणता? न बदलणाऱ्या गोष्टीत बदलणे, असाच त्याचा अर्थ होतो का? आणखी एक पाहा: 'अ टेरिबल ब्यूटी इज बॉर्न', एक भीषण सौंदर्य जन्माला आले आहे, ही ओळ पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या शेवटी येते, तिसऱ्याच्या शेवटी येत नाही. तिथे दगड आहे. हा एकच प्रश्न घेऊन तुम्ही बोललात तरी वर्ग पुढचा तासभर तुमच्याबरोबर बोलेल.

कविता मोठ्याने वाचायची, हे तुम्हाला सगळेच सांगतील. कशी वाचायची हे क्वचित सांगितले जाते. आपल्या अभंगात आणि ओवीत आपण अक्षरे मोजतो, वृत्तांत लघु-गुरू किंवा मात्रा मोजतो. इंग्रजीत मोजायचे ते आघात. या कवितेच्या बहुतेक ओळींत तीन आघात आहेत. 'आय हॅव मेट देम अ‍ॅट क्लोज ऑफ डे' ही ओळ बाकावर बोट आपटत वाचा: 'मेट', 'क्लोज' आणि 'डे' यांवर बोट पडेल, मधली अक्षरे पळत जातील. दुसऱ्या ओळीत 'कमिंग', 'व्हिव्हिड' आणि 'फेसेस' यांच्या पहिल्या अक्षरांवर. आपण मराठी सवयीने प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो, आणि मग ओळ चालत नाही. येट्स यांनी 1932 साली रेडिओसाठी आपल्या काही कविता वाचल्या, त्यांचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. या कविता पद्यात बसवायला मला फार त्रास पडला आहे, म्हणून मी त्या गद्यासारख्या वाचणार नाही, असे ते सुरुवातीलाच बजावतात. ते ऐका. त्यांची नक्कल करू नका, पण आघातावर किती ठाम उभे राहायचे ते समजून घ्या.

आता तुम्ही विचारले नाही, पण सोलापुरात ही कविता वाचताना टाळता येणार नाही, अशा गोष्टीबद्दल. मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागू झाला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. येट्स यांच्या कवितेच्या शेवटीही गोळ्या घातल्या गेलेल्यांपैकी चारच नावे आहेत: मॅक्डोना, मॅकब्राइड, कॉनॉली आणि पिअर्स. हा योगायोग आमच्या वर्गात कोणाच्या ना कोणाच्या लक्षात येतो, आणि येऊ द्यावा. काही वर्षांपूर्वी पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'वॉज इट नीडलेस डेथ आफ्टर ऑल?' म्हणजे 'हे मरण शेवटी विनाकारणच होते का?' ही ओळ वाचली आणि पुस्तक मिटून विचारले, "मॅडम, आपल्या चौघांबद्दल अशी ओळ कोणी लिहिली असती, तर आपण त्याला कवी म्हटले असते का?" वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही, कारण अशा वेळी शिक्षकाने घाईने केलेला खुलासा त्या प्रश्नाला मारून टाकतो.

शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की पुढची ओळ पाहू. पुढे 'फॉर इंग्लंड मे कीप फेथ' आहे: इंग्लंड कदाचित शब्द पाळीलही. आयर्लंडच्या होमरूलचा म्हणजे स्वशासनाचा कायदा 1914 साली मंजूर होऊन महायुद्धामुळे स्थगित ठेवला गेला होता, आणि तो अमलात आला असता तर हे मरण टळले असते का, हा त्या काळातला खरा प्रश्न होता. मग आम्ही त्या कडव्यातली प्रश्नचिन्हे मोजली. चार निघाली. त्यातल्या एकाचेच थेट उत्तर कवी देतो, आणि तेही स्वतःचेच वाक्य खोडून काढल्यासारखे: ही फक्त रात्र आहे का? नाही, नाही, रात्र नव्हे, मृत्यू. बाकीचे प्रश्न तो तसेच ठेवतो. ज्या मॅकब्राइडबद्दल त्याला राग होता, ज्याला तो याच कवितेत दारुडा आणि बढाईखोर म्हणतो, त्याचेही नाव तो गाण्यात घेतो. त्या दिवशी त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि तिने ते तसे आपल्या लेखात लिहिले. मला तो लेख त्या वर्षीचा सगळ्यात चांगला वाटला. तेव्हा तुलना जरूर करा, पण 'दोन्हीकडे चार हुतात्मे' एवढ्यावर ती सोडू नका. आपल्या चौघांकडे आपण पुतळ्यांतून पाहतो. येट्स ज्यांच्याबद्दल लिहितात त्यांपैकी काही जणांशी ते रस्त्यात बोललेले होते, आणि त्या माणसांचा पुतळा करणे येट्स यांना अजून मान्य नाही.

त्या चार नावांचे वाक्य हा अन्वयाचा शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग आहे. 'आय राइट इट आउट इन अ व्हर्स', मी हे पद्यात लिहून काढतो, असे म्हणून कवी 'व्हर्स' हा शब्द 'पिअर्स' या नावाशी जुळवतो. नावे येतात. ती आधीच्या 'इट'चा खुलासा आहेत असे वाटते, म्हणजे वाक्य संपले असे वाटते. पण संपलेले नसते. पुढे 'नाऊ अँड इन टाइम टू बी' येते, मग 'व्हेअरएव्हर ग्रीन इज वोर्न' येते, आणि त्यानंतर क्रियापद: 'आर चेंज्ड'. मॅक्डोना, मॅकब्राइड, कॉनॉली आणि पिअर्स, आता आणि पुढच्या काळात, जिथे जिथे हिरवे नेसले जाते तिथे, पार बदलले आहेत. मी हे मराठीत सांगितले तेव्हा शब्दांचा क्रम जवळजवळ हलवावा लागला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. कर्ता, काळ, स्थळ आणि शेवटी क्रियापद: ही आपल्या वाक्याची रचना आहे, इंग्रजी वाक्याची नेहमीची नव्हे. इंग्रजी वाचकाला या ओळींत क्रियापदासाठी ताटकळावे लागते. तुमच्या कानाला ती वाट पाहणे सवयीचे आहे, आणि सगळे वजन शेवटच्या क्रियापदावर कसे पडते हे तुम्ही वर्गात कोणाहीपेक्षा चांगले सांगू शकाल.

तयारीचे राहिलेले थोडक्यात सांगते. कविता आधी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्या, एक ओळ सोडून, म्हणजे मध्ये अन्वयाच्या रेघा काढता येतील. पहिले दोन आठवडे कविता आणि शब्दकोश एवढेच जवळ ठेवा. तिसऱ्या आठवड्यात इतिहास आणि समीक्षा वाचा, आणि समीक्षकाचे जे वाक्य कवितेतली एखादी ओळ नव्याने दाखवील तेवढेच टिपून ठेवा. वर्गातल्या प्रत्येकाला ओळींचे क्रमांक घातलेली कवितेची झेरॉक्स द्या, कारण समोर शब्द नसतील तर चर्चा लगेच आयर्लंड, इंग्लंड आणि राष्ट्रवाद यांवर जाते आणि परत येत नाही. पेपर लिहून आणा, पण पाच पानांहून मोठा नको. चर्चेत इंग्रजी अडली तर मराठीत बोला; आमच्याकडे ते चालते, आणि तुमच्याकडे चालत नसेल तर मार्गदर्शकांना आधी विचारून घ्या, बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर ओळ क्रमांक सांगून ती ओळ पुन्हा वाचा. तेवढ्यात तुम्हाला नाहीतर दुसऱ्या कोणाला काहीतरी दिसते.

आणि सुरुवातीला कविता पूर्ण वाचा, सगळ्या 80 ओळी. तीन-चार मिनिटे जातील, त्यांची काळजी करू नका. शेवटच्या कडव्याला पोहोचलात की 'पिअर्स'नंतर श्वास सोडू नका. तो 'आर चेंज्ड'पर्यंत राखून ठेवा.